पूर्वजांच्या नावाचे नागरिकत्व : जमा किती, नावे किती?

लग्नाची स्थळे सुचविताना पूर्वी घराणे, दुकानाची पत, मुलाचे शिक्षण आणि घरातील आचारविचार एवढ्या गोष्टी सांगितल्या जात. गोवा, दमण किंवा दीव येथील स्थळ असेल तर अलीकडे त्यांत आणखी एका वाक्याची भर पडते : ‘मुलाकडे पोर्तुगालचा पासपोर्ट आहे.’ हे वाक्य उच्चारणाऱ्याच्या स्वरात थोडा अभिमान असतो आणि ऐकणाऱ्याच्या मनात थोडे कुतूहल. मुलगा कधी पोर्तुगालला गेलेला नसतो, त्याला पोर्तुगीज भाषा येत नसते. तरीही त्या देशाचा पासपोर्ट त्याला मिळालेला असतो, तो केवळ आजोबांचा जन्म एका विशिष्ट ठिकाणी, एका विशिष्ट तारखेपूर्वी झाला म्हणून.

हा हक्क खरा आहे, कायदेशीर आहे आणि अनेक कुटुंबांनी त्याचा उपयोग करून घेतला आहे. परंतु व्यापारी घरातील माणसाला हे वेगळे सांगावयास नको की कीर्दीत जमेची बाजू असते तशी नावेची बाजूही असते. परदेशी नागरिकत्वाच्या चर्चेत जमेची बाजू फार लवकर लिहिली जाते. नावेची बाजू पुष्कळदा सही झाल्यानंतर उमगते. या लेखात दोन्ही बाजू क्रमाने मांडण्याचा प्रयत्न आहे.

एक घर

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून एक घर डोळ्यांसमोर आणू. हे घर काल्पनिक आहे, पण अशी घरे गोव्यात पुष्कळ आहेत. म्हापसा बाजारात या कुटुंबाचे कापडाचे दुकान आहे. आजोबांचा जन्म १९४१ चा, म्हापशातलाच. वडील १९६७ साली जन्मलेले. आज दुकान आणि भागीदारीचा सगळा कारभार तेच पाहतात. नातू सत्तावीस वर्षांचा, अभियंता, युरोपात नोकरी करण्याची इच्छा बाळगणारा. गावाकडे नारळ-सुपारीचे एक लहानसे कुळागर आहे आणि शेजारचे कुळागर विकत घ्यावे असे वडिलांच्या मनात आहे.

एके दिवशी नातू म्हणतो, “आजोबा, तुमच्या जन्माची नोंद लिस्बनला गेली तर माझे काम होईल. तुमची एक सही लागेल.” आजोबा विचारतात, “एका सहीने माझे काय होईल, ते आधी सांग.” नातवाकडे त्याचे नेमके उत्तर नसते. प्रश्नाचे मूळ येथे आहे.

रक्ताचा नियम आणि मातीचा नियम

जगातील नागरिकत्वाचे कायदे मुख्यतः दोन तत्त्वांवर उभे आहेत. ज्या भूमीवर जन्म झाला तिचे नागरिकत्व, हे एक तत्त्व. आई-वडिलांचे जे नागरिकत्व ते मुलाचे, हे दुसरे. बहुतेक देशांत या दोहोंचे काही ना काही मिश्रण आढळते. ज्या देशांतून मोठ्या संख्येने लोक परदेशी गेले, त्यांनी दुसऱ्या तत्त्वाचा विस्तार करून नातवंडांपर्यंत हक्क पोहोचविला. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या आजी किंवा आजोबांचे नातवंड विदेश-जन्म नोंदवहीत नाव दाखल करून आयरिश नागरिक होऊ शकते. इटलीने तर दीर्घकाळ पिढ्यांची मर्यादाच ठेवली नव्हती. पणजोबांचे आजोबा इटालियन असल्याचे सिद्ध करूनही ब्राझील व अर्जेंटिना येथील लोक इटालियन नागरिक होत असत.

पोर्तुगालचा नागरिकत्व कायदा ३ ऑक्टोबर १९८१ चा, क्रमांक ३७/८१. पोर्तुगीज आई किंवा वडिलांच्या परदेशात जन्मलेल्या अपत्याने आपला जन्म पोर्तुगालच्या नागरी नोंदवहीत दाखल केला किंवा पोर्तुगीज होण्याची इच्छा जाहीर केली, तर तो जन्मापासूनच पोर्तुगीज मानला जातो. गोव्याचा प्रश्न या नियमाशी जोडला गेला तो इतिहासामुळे.

१९ डिसेंबर १९६१

भारतीय सैन्याने १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव मुक्त केले आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता संपली. पोर्तुगालमधील सालाझार राजवटीने मात्र हा बदल मान्य केला नाही. लिस्बनच्या दृष्टीने गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत राहिला आणि तेथे जन्मलेले लोक पोर्तुगीजच राहिले. २५ एप्रिल १९७४ रोजी पोर्तुगालमध्ये क्रांती होऊन हुकूमशाही कोसळली. त्यानंतर ३१ डिसेंबर १९७४ रोजी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला आणि गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले.

भूमीचा प्रश्न असा मिटला. पण माणसांचा मिटला नाही. भूमी भारताची झाली तरी त्या भूमीवर पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या व्यक्तींचे जन्मतः मिळालेले नागरिकत्व पोर्तुगालने काढून घेतले नाही. म्हणून १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेली व्यक्ती, मग ती ख्रिस्ती असो, हिंदू असो, मुसलमान असो वा जैन, आपली जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवून घेऊ शकते, आणि तिच्यामागून तिची मुले. येथे धर्माचा किंवा आडनावाचा संबंध नाही. आपल्या समाजातील जी कुटुंबे व्यापारासाठी मुक्तीपूर्वी गोव्यात किंवा दमण-दीवमध्ये स्थायिक झाली आणि ज्यांच्या घरी तेथे मुले जन्मली, त्यांनाही हा प्रश्न लागू पडतो.

एका महिन्याची मुदत

या कथेची भारतीय बाजू तेवढीच महत्त्वाची आहे आणि ती फारशी कोणाच्या लक्षात राहिलेली नाही. भारत सरकारने २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण आणि दीव नागरिकत्व आदेश काढला. ज्याचा, ज्याच्या आई-वडिलांपैकी कोणाचा किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा जन्म २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या प्रदेशात झाला होता, ती व्यक्ती त्या दिवसापासून भारताची नागरिक मानली गेली. अपवाद एकच होता. पूर्वीचेच नागरिकत्व ठेवावयाचे आहे, असे ज्याने आदेशाच्या तारखेपासून एक महिन्याच्या आत लेखी जाहीर केले, तो भारतीय ठरला नाही.

आपल्या उदाहरणातील आजोबा त्या वेळी एकवीस वर्षांचे होते. त्यांच्या घरातून असे कोणतेही निवेदन गेले नाही. दुकान उघडले, माल आला, नवे चलन हातात खेळू लागले आणि तो महिना निघून गेला. न लिहिलेल्या त्या कागदाने त्यांना भारतीय केले. आज नातू जी सही मागतो आहे, ती वस्तुतः त्याच प्रश्नाचे दुसऱ्यांदा उत्तर मागते आहे.

दप्तरापासून लिस्बनपर्यंत

गोव्यात नागरी नोंदणीची पद्धत पोर्तुगीज काळात विसाव्या शतकाच्या आरंभीच सर्वांना लागू झाली होती. त्यामुळे जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या जुन्या नोंदी तालुक्याच्या नागरी निबंधक कार्यालयांत सापडतात. पहिली पायरी म्हणजे आजोबांच्या जन्माच्या मूळ नोंदीची प्रमाणित प्रत मिळविणे. त्यानंतर त्यांच्या विवाहाची नोंद, मग वडिलांचा जन्म, वडिलांचा विवाह, नातवाचा जन्म. अशी साखळीतील प्रत्येक कडी कागदावर जुळवावी लागते. नोंदींचे प्रमाणीकरण होते, आवश्यक तेथे पोर्तुगीज भाषांतर जोडले जाते आणि सर्व कागद लिस्बनला जातात. आधी आजोबांची नोंद तेथील वहीत उतरते, मग त्यांच्या विवाहाची, मग पुढील पिढीची. नोंद झाली की ओळखपत्र आणि पासपोर्ट यांचा मार्ग खुला होतो.

अडचणी बहुधा नावांत येतात. जुन्या दप्तरात नावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. शेणवीचे ‘सिनाय’ झालेले असते, प्रभूचे ‘पोरोबो’. शाळेच्या दाखल्यात एक नाव, दुकानाच्या परवान्यात दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, हे तर घरोघरी आढळते. जन्मतारखेतील एका दिवसाच्या फरकाने प्रकरण महिनोन्‌महिने अडू शकते.

नातवाला वडिलांना वगळून थेट आजोबांच्या आधारे अर्ज करता येतो का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. येतो, परंतु त्यासाठी पोर्तुगालशी प्रत्यक्ष संबंध दाखवावा लागतो आणि २०२० मधील दुरुस्तीनंतर पोर्तुगीज भाषेचे पुरेसे ज्ञान हा त्याचा मुख्य पुरावा मानला जातो. मार्ग कोणताही घेतला तरी आजोबांचे पोर्तुगीज नागरिकत्व त्या दप्तरात सिद्ध व्हावेच लागते. आजोबा हयात असतील तर सही त्यांची लागते. ते हयात नसतील तर मुलाला वडिलांची जन्मनोंद लिस्बनमध्ये उतरविण्यासाठी अर्ज करता येतो. म्हणूनच काही घरांत वडीलधारे असेपर्यंत हा विषय काढला जात नाही, आणि त्यांच्या पश्चात लगेच काढला जातो. यात कायद्याची चूक नाही. पण घराने या गोष्टीचा विचार करावा अशी ती आहे.

नावेची बाजू

पोर्तुगाल दुहेरी नागरिकत्व मानतो. भारत मानत नाही. राज्यघटनेचे अनुच्छेद ९ आणि नागरिकत्व अधिनियम, १९५५ चे कलम ९ यांचा आशय एकच आहे : भारतीय नागरिकाने स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व मिळविले की त्याचे भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. त्यासाठी वेगळा आदेश निघावा लागत नाही किंवा कोणी शिक्का मारावा लागत नाही. ‘दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवू, कोणाला कळणार?’ हा सल्ला देणारे लोक बाजारात मिळतात. तो सल्ला कुटुंबाला संकटात लोटणारा आहे. परदेशी नागरिक झाल्यानंतर भारतीय पासपोर्ट वापरणे, त्याचे नूतनीकरण करणे किंवा मतदान करणे हे बेकायदेशीर आहे आणि नागरिकत्वाची माहिती लपवून पासपोर्ट घेतल्यास पासपोर्ट कायद्यात कारावासाचीही तरतूद आहे.

लिस्बनच्या वहीत केवळ जन्मनोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर काय? हा गोव्यातील सर्वांत वादग्रस्त प्रश्न आहे. नोंद करणे म्हणजे जुन्या वस्तुस्थितीची दखल घेणे, नवे नागरिकत्व स्वीकारणे नव्हे, असा एक पक्ष मांडला जातो. नोंद स्वतःहून केली म्हणजे निवड केली, असा दुसरा पक्ष आहे. निवडणूक लढविणाऱ्या उमेदवारांच्या बाबतीतही हा वाद उपस्थित झाला आहे. कायद्याने अशा प्रश्नाचा निर्णय केंद्र सरकारकडे सोपविला आहे. एक गोष्ट मात्र निःसंदिग्ध आहे : दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला असेल तर नागरिकत्व नियमांनुसार तो त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा ठरतो.

आजोबांच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर असे आहे : सही केली तर त्यांच्या भारतीय नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह लागते, पासपोर्ट घेतला तर ते संपते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते कुठे परदेशी जाणार नाहीत. पण आपल्याच गावी राहण्यासाठी त्यांना वेगळे दस्तऐवज बाळगावे लागतील आणि ज्या मतदानकेंद्रावर ते प्रत्येक निवडणुकीला गेले तेथील यादीत त्यांचे नाव राहणार नाही.

ओसीआय कार्ड काय देते, काय देत नाही

भारतीय नागरिकत्व गेल्यानंतर बहुतेक जण ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ म्हणजे ओसीआय कार्ड घेतात. नावात ‘सिटिझन’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. तो आजीवन प्रवेश आणि वास्तव्याचा परवाना आहे. कार्डधारकाला मतदानाचा हक्क नाही, निवडणूक लढविता येत नाही, घटनात्मक पदे भूषविता येत नाहीत आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही. कार्ड घेण्यासाठी भारतीय पासपोर्ट परत करून तसे प्रमाणपत्र मिळवावे लागते. गोव्यातील अनेकांचे पासपोर्ट माहिती दडविल्याच्या कारणाने रद्द झाले आणि त्यांना हे प्रमाणपत्र मिळेना. अखेर २०२४ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने पोर्तुगीज अमलाखालील पूर्वीच्या प्रदेशांतील अर्जदारांसाठी पासपोर्ट रद्द झाल्याचे प्रमाणपत्र पर्याय म्हणून ग्राह्य धरण्याची मुभा दिली. दिलासा मिळाला, पण तोपर्यंत अनेक घरांनी दीर्घ अनिश्चितता सोसली होती.

व्यापारी कुटुंबाच्या दृष्टीने पुढील बाबी विशेष लक्षात घ्याव्यात.

शेतजमीन, बागायत आणि फार्महाऊस ओसीआय कार्डधारकाला विकत घेता येत नाही. वारसाहक्काने मिळू शकते. परंतु पुढे विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. निवासी किंवा व्यापारी जागा खरेदी करण्यास अडचण नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातील वडिलांनी स्वतः पोर्तुगीज नागरिकत्व घेतले तर वडिलोपार्जित कुळागर वारशाने त्यांच्याकडे येऊ शकेल, पण शेजारचे कुळागर विकत घेण्याचा बेत त्यांना सोडावा लागेल.

भागीदारी पेढीत परदेशी राहणाऱ्या ओसीआय कार्डधारकाला भांडवल गुंतविता येते. मात्र ते रक्कम बाहेर न नेण्याच्या अटीवर, आणि शेती, बागायत किंवा जमीनजुमल्याच्या व्यवहारातील पेढीत नाही. एखादा भागीदार परदेशी नागरिक होणार असेल तर भागीदारीचा करारनामा आधीच तपासून घ्यावा.

बँकेच्या आणि आयकराच्या बाबतीत एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नागरिकत्व आणि निवासी दर्जा या दोन भिन्न गोष्टी आहेत. आयकर मुख्यतः वर्षभरातील वास्तव्याच्या दिवसांवर ठरतो. परकीय चलनाच्या कायद्यातही वास्तव्य आणि त्याचा हेतू पाहिला जातो. नोकरीसाठी परदेशी गेलेल्या मुलाचे नेहमीचे बचत खाते एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते, मग त्याचा पासपोर्ट भारताचा असो वा पोर्तुगालचा. अनिवासी झाल्यावर नवे पीपीएफ खाते उघडता येत नाही. ही कामे जाण्यापूर्वी केली तर अर्ध्या दिवसाची असतात. राहून गेली तर नंतर प्रत्येक ठेवीच्या मुदतपूर्तीला अडचण उभी राहते.

परतीचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. ओसीआय कार्डधारक म्हणून पाच वर्षे झाल्यानंतर आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात वास्तव्य केल्यानंतर पुन्हा भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. त्या वेळी परदेशी नागरिकत्व सोडावे लागते.

पूर्वजाचा नियम दार बंदही करतो

पूर्वजांच्या नावाने दार उघडते, तसे ते बंदही होऊ शकते, याचा अनुभव आपल्याच समाजाला आहे. सौराष्ट्रातील हालार प्रांतातून अनेक ओसवाल जैन कुटुंबे व्यापारासाठी केनियात गेली. केनिया १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला. ज्यांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही त्यांना नोंदणीसाठी दोन वर्षांची मुदत होती. अनेकांनी ब्रिटिश पासपोर्टच ठेवला. संकट आले तर ब्रिटन आपल्याला घेईल, हा त्यामागचा विश्वास होता. पुढे आफ्रिकेत परवाने आणि नोकऱ्या यांत नागरिकांना प्राधान्य मिळू लागले आणि हे लोक ब्रिटनकडे निघाले. तेव्हा ब्रिटिश संसदेने १९६८ मध्ये काही दिवसांतच कायदा मंजूर केला. ज्याचा स्वतःचा, आई-वडिलांपैकी एकाचा किंवा आजी-आजोबांपैकी एकाचा ब्रिटनशी जन्माचा किंवा नागरिकत्व-नोंदणीचा संबंध नाही, त्याला ब्रिटिश पासपोर्ट असूनही मुक्त प्रवेश राहिला नाही. हातात पासपोर्ट होता. पण आजोबा हालारच्या खेड्यात जन्मले होते. अनेक कुटुंबे परवान्याची वाट पाहत वर्षानुवर्षे विभागली गेली. नंतर हा समाज ब्रिटनमध्ये स्थिरावला आणि लंडनच्या उत्तरेस पॉटर्स बार येथे त्याने भव्य देरासर उभारले. पण मधल्या काळातील ती अनिश्चितता घरातील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात राहिली.

अलीकडची दोन उदाहरणेही बोलकी आहेत. गोव्यातून पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेले असंख्य लोक पोर्तुगालमध्ये न राहता ब्रिटनमध्ये गेले. स्विंडनसारख्या शहरात गोमंतकीयांची मोठी वस्ती झाली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२० च्या अखेरीस संक्रमणकाळ संपताच हा मार्ग नव्या येणाऱ्यांसाठी बंद झाला. आज पोर्तुगीज पासपोर्ट फ्रान्स, जर्मनी किंवा नेदरलँड्समध्ये राहण्याचा हक्क देतो, ब्रिटनमध्ये नव्हे. दुसरे उदाहरण इटलीचे. मार्च २०२५ मध्ये तेथील सरकारने एका वटहुकुमाद्वारे वंशपरंपरेचा हक्क सर्वसाधारणपणे आई-वडील व आजी-आजोबा या दोन पिढ्यांपुरता मर्यादित केला आणि मे महिन्यात संसदेने त्याला कायद्याचे रूप दिले. पोर्तुगालच्या संसदेतही २०२५ मध्ये नागरिकत्वाचे नियम कडक करण्याचा विषय आला. ज्या नियमाच्या भरवशावर आयुष्याचा आराखडा आखावयाचा, तो नियम दुसऱ्या देशाची संसद ठरविते आणि तीच तो बदलते.

खोट्या दाखल्याचा मोह

जेथे हक्क मौल्यवान असतो तेथे खोटे कागद तयार होतात. दुसऱ्याच्या आजोबांना आपले आजोबा ठरविणे, जन्मवर्ष मागे ओढणे, न झालेल्या विवाहाची नोंद दाखविणे असे प्रकार या व्यवहारात शिरले आहेत. दलाल सांगतो, ‘कागदाचे आम्ही पाहतो, तुम्ही फक्त सही करा.’ सत्य अणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे याची गणना आहे, आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत राज्याच्या नियमांचे उल्लंघन येते. व्यवहाराच्या दृष्टीनेही निष्कर्ष तोच निघतो. खोट्या नोंदीवर मिळालेले नागरिकत्व उघडकीस येताच रद्द होऊ शकते आणि तोपर्यंत भारतीय नागरिकत्वही गेलेले असते. असा माणूस दोन्ही वह्यांतून बाद होतो.

सहीपूर्वी घरातील बैठक

हा मार्ग घेऊच नये, असे म्हणण्याचे कारण नाही. पोर्तुगीज नागरिकत्वामुळे अनेक मुलांना युरोपात शिक्षण आणि नोकरी मिळाली, घरावरील कर्जे फिटली, बहिणींची लग्ने झाली. ज्याला कायमचे तिकडेच राहावयाचे आहे, ज्याच्या नावावर येथे शेतीचा विस्तार करावयाचा नाही आणि ज्याचे कागद स्वच्छ आहेत, त्याच्यासाठी हा सरळ व सन्माननीय मार्ग आहे. मात्र ज्याला केवळ चार-पाच वर्षे परदेशी अनुभव घ्यावयाचा आहे, त्याने आपल्या पदवीच्या बळावर नोकरीचा व्हिसा मिळविण्याचा पर्याय आधी पाहावा. त्यात नागरिकत्वाला हात लागत नाही.

निर्णयापूर्वी घराने एकत्र बसून काही गोष्टी कागदावर लिहाव्यात. कोणाकोणाचे नागरिकत्व बदलणार? अज्ञान मुलांचे काय? भारतीय नागरिकत्वाचा औपचारिक त्याग केल्यास अज्ञान मुलांचे नागरिकत्वही जाते आणि सज्ञान झाल्यावर एका वर्षाच्या आत त्यांना ते परत मागावे लागते. शेतजमीन कोणाच्या नावावर आहे? पेढीचा करारनामा काय सांगतो? खाती, नामनिर्देशने आणि मृत्युपत्र अद्ययावत आहेत काय? स्थळ पाहणाऱ्या घरानेही ‘पासपोर्ट आहे’ एवढ्यावर न थांबता विचारावे : भारतीय पासपोर्ट रीतसर परत केला आहे काय, ओसीआय कार्ड आहे काय, आणि मुलीच्या नागरिकत्वाविषयी काय ठरले आहे? पोर्तुगीज नागरिकाच्या पत्नीला विवाहानंतर तीन वर्षांनी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. तो करावा की नाही, हा मुलीचा स्वतःचा निर्णय आहे आणि तो लग्नापूर्वीच बोलून घ्यावा.

आपल्या उदाहरणातील आजोबा अखेर काय करतील? एक शक्यता अशी की ते चष्मा पुसून दोन रकाने आखतील. एका बाजूला नातवाचे नाव लिहितील, दुसऱ्या बाजूला स्वतःचे, मुलाचे, कुळागराचे, पेढीचे. मग नातवाला म्हणतील, “बासष्ट साली आम्हाला एक महिना मिळाला होता. त्या महिन्यात या घरात कोणी या विषयावर बोललेसुद्धा नाही. दुकान सुरू ठेवायचे होते. आम्ही जे झालो त्याचा मला खेद नाही. पण न बोलता झालो. तुम्हाला घाई नाही. बोला, लिहा आणि मग माझ्याकडे या. सही करायची तर समजून करीन, आणि नाही करायची तर तेही समजून.”

म्हापशाच्या दप्तरातील १९४१ ची नोंद खरी आहे आणि ती तेथून कोठेही जाणार नाही. तिचा उपयोग करावा की करू नये, हे त्या घरातील आज हयात असलेल्या माणसांनी दोन्ही बाजूंची बेरीज पाहून ठरवावे.